मोटार निवडतो कोण, बिल भरतो कोण

कारखानदार हिशेबी असतो. कार्यक्षम मोटारीतला फायदा त्याला दाखवून द्या, कायद्याची गरज उरणार नाही, असे मत उद्योगजगतात आणि सरकारी कचेऱ्यांतही मुरलेले आहे. त्यासाठी युरोपचा दाखला दिला जातो. 1990 च्या दशकाच्या अखेरीस युरोपीय आयोग आणि ‘सेमेप’ ही उत्पादकांची संघटना यांच्यात स्वेच्छेचा करार झाला. 1.1 ते 90 किलोवॅटच्या मोटारींचे ईएफएफ-1, 2 आणि 3 असे वर्ग ठरले आणि सर्वांत निकृष्ट तिसऱ्या वर्गाची विक्री निम्म्यावर आणण्याचे उत्पादकांनी मान्य केले. काही वर्षांतच तो वर्ग बाजारातून जवळजवळ हद्दपार झाला. हे यश खरेच आहे.

पण पुढचा आकडा सहसा सांगितला जात नाही. गिऱ्हाईक सरकले ते मधल्या वर्गाकडे. सर्वोत्तम ईएफएफ-1 चा वाटा दहा टक्क्यांच्या आसपासच घुटमळत राहिला. तिसरा वर्ग मागे घेणे उत्पादकांच्या हातात होते. पहिला वर्ग खपायचा तर खरेदीच्या वेळी कोणीतरी जास्त पैसे मोजायला हवे होते. ते मोजणार कोण? कितीतरी मोटारी कारखानदार सुट्या घेतच नाही. त्या पंप, पंखा, कॉम्प्रेसर यांना जोडूनच येतात. मोटार निवडतो यंत्र बनवणारा, आणि त्याला कोटेशन खाली ठेवायचे असते. विजेचे बिल वर्षानुवर्षे भरतो दुसराच.

आणि ही रक्कम किरकोळ नाही. 15 किलोवॅटची चार पोलची मोटार घ्या. नंतर आलेल्या आयई या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत आकडा मोठा तशी मोटार चांगली: आयई-1 वर्गात तिची कार्यक्षमता 88.7 टक्के, आयई-3 मध्ये 92.1. पूर्ण भारावर वर्षाला 6,000 तास चालली तर फरक सुमारे 3,700 युनिटांचा. हिशेबी माणूस हे सोडेल का? सोडतो, कारण मोटार जळते ती ऐन पाळीत. उत्पादन खोळंबलेले असताना गोदामात असेल ती बसवली जाते, नाहीतर जळालेलीच रिवाइंडिंगला जाते. त्या घाईत माहितीपत्रक कोणी उघडत नाही. मोठ्या कारखान्यात तर खरेदी खात्याला किंमत दिसते आणि वीजबिल भलत्याच टेबलावर जाते. हा अज्ञानाचा प्रश्नच नाही. मग माहिती देऊन तो सुटणार कसा?

युरोपने शेवटी 2009 मध्ये नियम केला आणि 16 जून 2011 पासून आयई-2 ही किमान पातळी सक्तीची झाली. अमेरिकेचा 1992 चा कायदा तर 1997 पासूनच लागू होता.

म्हणून स्वेच्छेचे उपक्रम मोडीत काढावेत, हा उलट टोकाचा निष्कर्षही मला मान्य नाही. कायदा मोटारीवरच्या पाटीपर्यंत पोहोचतो. अर्धवट बंद ठेवलेला व्हॉल्व्ह त्याला दिसत नाही. केंद्रापसारी पंपाचा वेग 80 टक्क्यांवर आणला, तर घर्षणाचाच भार असलेल्या वाहिनीत लागणारी शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. व्हॉल्व्ह आवळून प्रवाह कमी केला तर ही बचत हाती लागत नाही. 2003 मध्ये सुरू झालेल्या युरोपीय मोटर चॅलेंज कार्यक्रमाने नेमके हेच क्षेत्र निवडले: कंपन्यांनी आपापल्या पंप, पंखे आणि दाबहवेच्या यंत्रणा तपासाव्यात आणि सुधारणेचा आराखडा स्वतःहून स्वीकारावा. तिथे निर्णय घेणारा आणि बिल भरणारा एकच असतो.