घोड्यांवरील माशीनाशक फवारे (ओरत्तनाडु परिसर)

माश्या, गोमाश्या व चिलटे यांना पळवण्यासाठी किंवा मारण्यासाठी घोड्याच्या अंगावर फवारायची औषधे. योग्य औषध योग्य प्रमाणात वापरल्यास ती बहुधा निर्धोक असतात. खरा धोका दुसऱ्या जनावराचे औषध घोड्याला लावण्यात आहे.

ओरत्तनाडु हे तंजावर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. सरफोजी राजे दुसरे (कारकीर्द 1798–1832) यांनी 1802 मध्ये आपली प्रेयसी मुक्तांबाळ हिच्या नावाने येथे छत्र (धर्मशाळा) बांधले. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात अश्ववैद्यक व गजवैद्यकावरील हस्तलिखिते जपलेली आहेत. भोसल्यांचे राज्य 1855 मध्ये खालसा झाले आणि पागाही गेल्या. आता या भागात मातीचे घोडे पाहायचे तर अय्यनारच्या देवळांपुढे रांगा असतात; जिवंत घोडा मात्र क्वचित दिसतो. तमिळनाडू पशुवैद्यक व पशुविज्ञान विद्यापीठाचे महाविद्यालय ओरत्तनाडुला 2012 पासून आहे, पण भोवतालचे पशुधन मुख्यतः गाई आणि शेळ्यांचे. जिथे घोडे थोडे, तिथे दुकानदार घोड्यांची वेगळी औषधे ठेवत नाही. मग गाईच्या गोचिडावरचे, नाहीतर भातावरचे कीटकनाशक हाती येते.

माशीचा उपद्रव किरकोळ समजू नये. गोठ्यातील चावरी माशी पायांवर बसून रक्त पिते, त्याने घोडा सतत पाय आपटतो. गोमाश्या सर्रा रोगाचे परजीवी एका जनावरातून दुसऱ्यात नेतात. हे परजीवी पशुवैद्य ग्रिफिथ एव्हान्झ यांना 1880 मध्ये डेरा इस्माईल खान येथे घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात सापडले. चिलटांमुळे आयाळीच्या व शेपटीच्या मुळाशी खाज सुटते. भारतात 1960 मध्ये आलेल्या आफ्रिकी अश्वरोगाच्या साथीचा प्रसारही चिलटांनीच झाला. साधी घरमाशी चावत नाही, पण डोळ्यांवर व जखमांवर बसते.

चावरी माशी मूत्राने भिजून कुजलेल्या पेंढ्यात अंडी घालते, आणि भाताच्या या मुलुखात पेंढ्याला तोटा नाही. लीद रोज उचलणे, ओला पेंढा बाहेर काढणे, तबेल्यात पंखा लावणे आणि कपाळावर झालर बांधणे, एवढे केल्याशिवाय फवाऱ्याचा विचार करणे हे काम उलट टोकाने सुरू करण्यासारखे आहे. गोमाशीवर तर फवारा फारसा चालत नाही. ती क्षणभर बसते, चावते आणि उडून जाते.

घोड्यांसाठी बनवलेल्या फवाऱ्यांत पायरेथ्रिन (शेवंतीच्या कुळातील एका फुलापासून काढलेले) किंवा त्याची कृत्रिम भावंडे परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन असतात. पायरेथ्रिन उन्हात काही तासांत निकामी होते, घामाने वाहूनही जाते; त्यामुळे पुन्हा पुन्हा फवारण्याचा मोह होतो. तयार फवाऱ्यात परमेथ्रिन बहुधा एक टक्क्याहून कमी असते. शेतीचे सायपरमेथ्रिन 10 किंवा 25 टक्के तीव्रतेचे मिळते आणि त्यातील द्रावके कातडी पोळतात. पाणी घालून पातळ केले तरी ते घोड्याचे औषध होत नाही.

सर्वांत घातक घोटाळा अमिट्राझचा. गाईच्या गोचिडावर ते सर्रास वापरतात आणि गाईला ते सोसते. घोड्यात मात्र ते मोठ्या आतड्याची हालचाल मंदावते. घोडा सुस्त होतो, लडखडतो आणि पुढे लीद अडकून पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटशूळ त्याच्या बाबतीत नेहमीच गंभीर असतो. अमिट्राझ घोड्यावर पातळ करूनही वापरू नये. बाटलीवर घोड्याचे नाव नसेल तर ती परत करावी.

नवे औषध आधी खांद्यावर तळहाताएवढ्या जागी लावून एक दिवस वाट पाहतात. गांधी उठल्या, केस गळले तर ते सोडून देतात. तोंडावर थेट फवारू नये. हातमोजा घालून, कापडावर थोडे घेऊन डोळे, नाकपुड्या व ओठ टाळून पुसावे. जखमेवर, घामेजल्या अंगावर आणि खोगिराखालच्या जागेवर मारू नये. दारे बंद करून तबेल्यात फवारणे घोड्याइतकेच मोतद्दारालाही बाधते. शिंगरू किंवा गाभण घोडी असेल तर पशुवैद्याला विचारूनच. तबेल्यातले मांजर औषध सुकेपर्यंत दूर ठेवावे, कारण परमेथ्रिन मांजराला जीवघेणे ठरू शकते. पाण्यातील माशांना तर ही सगळी कुळीच विषारी. फवारलेला घोडा कावेरीच्या कालव्यात किंवा गावतळ्यात धुऊ नये.

लिंबगवत, सिट्रोनेला, कडुनिंब यांची तेले नैसर्गिक म्हणून बिनदिक्कत चोपडली जातात. त्यांचा परिणाम थोडाच वेळ टिकतो आणि दाट तेलाने कातडीची आगही होते.

कातडी फुरफुरू लागली किंवा घोडा अस्वस्थ झाला तर फवारा थांबवून सौम्य साबण व थंड पाण्याने अंग धुतात. लाळ, घाम, जुलाब, स्नायूंचा थरकाप आणि बारीक झालेली बाहुली ही मात्र भातावरच्या काही कीटकनाशकांत असणाऱ्या सेंद्रिय फॉस्फरस संयुगांच्या विषबाधेची चिन्हे आहेत. पशुवैद्य येताच त्याला औषधाची बाटली दाखवावी. या विषावर ॲट्रोपीनचा उतारा आहे, पण त्यानेही घोड्याचे आतडे थंडावते, म्हणून त्याची मात्रा घरी ठरवत नाहीत.