खेळाची चाल आणि तासाचे भाडे

'रेड डेड रिडेम्प्शन २' हा व्हिडिओ गेम २६ ऑक्टोबर २०१८ रोजी प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर आला, आणि वर्षभराने, नोव्हेंबर २०१९ मध्ये, कॉम्प्युटरवर. १८९९ सालच्या अमेरिकेतील दरोडेखोरांच्या एका टोळीची ही कथा जगभरच्या समीक्षकांनी डोक्यावर घेतली. लातूरच्या ट्यूशन एरियात गेम खेळणाऱ्या एखाद्या मुलाला त्याबद्दल विचारा. "सर, तासभर झाला, नुसतं घोड्यावर फिरायलोय. होईना काहीच." शब्द थोडेफार बदलतात, तक्रार हीच. नांदेडला श्रीनगरात आणि आयटीआय कॉर्नरला ऐकले तेही याहून फार वेगळे नव्हते.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. 'स्कायरिम' (२०११), 'द विचर ३' (२०१५) आणि काटेकोर वर्गवारीत जरा बाजूला पडणारा, पण चालीने त्यांचाच भाऊ शोभणारा 'रेड डेड', या खेळांना ओपन वर्ल्ड म्हणतात. खेळणारा एका पात्राची भूमिका घेतो. समोर डोंगर, नद्या, गावे असा मोठा मुलूख पसरलेला असतो आणि त्यात वाटेल तिकडे जाता येते. नुसती मुख्य कथा संपवायची तर पन्नासेक तास हवेत. वाटेतली लहानमोठी कामे धरली तर आकडा शंभराच्या पुढे जातो. 'रेड डेड'मध्ये घोड्याला खरारा करावा लागतो, बंदूक पुसावी लागते, कपाटाचा खण उघडला तर पात्र आतली एकेक वस्तू हाताने उचलेपर्यंत थांबावे लागते. बनवणाऱ्यांनी हा संथपणा मुद्दाम ठेवला आहे. काहींचे मन त्यात अगदी रमते. आमच्याकडच्या पुष्कळांचे रमत नाही.

स्टाफरूममध्ये याचे उत्तर तयार असते: पोरांना धीर उरला नाही, रील्सनी डोकी बिघडवली. मी इतिहास शिकवतो, आणि 'आजकालच्या पोरांना' या शब्दांनी सुरू होणारे स्पष्टीकरण मला कधीच पुरेसे वाटत नाही. रील्स कालची गोष्ट आहे. ही आवड त्याहून जुनी आहे. माझ्या वयाच्या, म्हणजे आता चाळिशीत असलेल्या नांदेडच्या मित्रांनाही हे खेळ कंटाळवाणेच वाटतात. तेव्हा मुलांच्या डोक्यात शिरण्याआधी आपण खेळलो कुठे, कशावर आणि कोणाच्या पैशाने, हे पाहिले पाहिजे.

व्हिडिओ गेमच्या चालीचा इतिहास नाण्यापासून सुरू होतो. अटारीचा 'पाँग' १९७२ चा, जपानच्या तायतो कंपनीचा 'स्पेस इन्व्हेडर्स' १९७८ चा. ही यंत्रे दुकानांतून, हॉटेलांतून ठेवलेली असत आणि दर खेळाला एक नाणे खात. मालकाचा फायदा कशात? गिऱ्हाईक दोन-तीन मिनिटांत हरावे, पण पुन्हा नाणे टाकावेसे वाटेल इतक्या थोडक्यात हरावे, यात. वेग हा त्या धंद्याचाच भाग होता.

संथ खेळ दुसऱ्या घरात जन्मला. १९७४ मध्ये अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला: टेबलाभोवती बसून, फासे टाकत, प्रत्येकाने एकेक भूमिका घेऊन आठवडेच्या आठवडे चालवायचा खेळ. त्याच्या वेडाने झपाटलेल्या विद्यार्थ्यांनी तो विद्यापीठांतल्या मोठ्या कॉम्प्युटरांवर उतरवला. इलिनॉय विद्यापीठात १९७५ च्या सुमारास असे खेळ चालू होते. तिथे नाणे लागत नव्हते. रात्रभर बसले तरी कोणी उठवत नव्हते. पुढे घरोघरी कॉम्प्युटर आले आणि रिचर्ड गॅरियटचा 'अल्टिमा' (१९८१), ब्रिटनमधला 'एलीट' (१९८४) हे मोकळ्या मुलखाचे खेळ घरच्या टेबलावर आले. निन्टेन्डोच्या 'झेल्डा'ची गोष्ट मला फार बोलकी वाटते. १९८७ मध्ये तो अमेरिकेत कार्ट्रिजवर विकायला आला, तेव्हा त्या कार्ट्रिजमध्ये एक छोटी बॅटरी बसवलेली होती. कशासाठी? यंत्र बंद केल्यावरही खेळ कुठवर आला ते लक्षात राहावे म्हणून. लांबलचक खेळाला ही आठवण लागते. आज थांबलो तिथून उद्या पुढे जाता आले नाही, तर पन्नास तासांच्या कथेला काही अर्थ उरत नाही.

आता नांदेडला या. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात आम्ही पार्लरमध्ये जायचो ते 'मुस्तफा' खेळायला. खेळाचे खरे नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स', कॅपकॉमचा, १९९३ चा. पण त्यातल्या पिवळ्या टोपीच्या मुस्तफाचे नाव सगळ्या देशात खेळालाच चिकटले. नाणे टाका, मारामारी करा, हरा, बाजूला व्हा. मागे चौघे उभे असायचे. ज्याच्या घरी थोडी सुबत्ता त्याने टीव्हीला जोडायचा गेम घेतलेला असे; त्यावर 'मारिओ' आणि 'कॉन्ट्रा'. हे बहुतेक मूळ जपानी यंत्राच्या स्वस्त नकला असत, आणि एका 'कॅसेट'मध्ये (कार्ट्रिजला आम्ही कॅसेटच म्हणायचो) शेकडो खेळ असल्याची थाप वेष्टनावर छापलेली असे. त्या कॅसेटांत बॅटरी नव्हती. आईने स्विच बंद केला की 'मारिओ' पहिल्या पायरीवर. म्हणजे अमेरिकेतल्या पोराला घरात जी सोय मिळाली होती, ती आमच्या घरात आलेल्या यंत्रात नव्हतीच. घरी बसूनही आम्ही खेळत होतो ते पार्लरसारखेच.

मग नेट कॅफे आले. २००३-०४ च्या सुमारास वजिराबादपासून वर्कशॉप कॉर्नरपर्यंत ते जागोजागी दिसू लागले, आणि त्यांतले निम्मे गिऱ्हाईक इंटरनेटसाठी येतच नव्हते. भाडे तासाचे, वीस रुपये. पुढे स्पर्धा वाढली तसे पंधरा, दहा. चारजण एकमेकांच्या मशिनला जोडून 'काउंटर-स्ट्राइक' खेळायचे. त्याची एक फेरी दोन-तीन मिनिटांत संपते. एकटा असेल तो 'प्रोजेक्ट आयजीआय' किंवा 'व्हाइस सिटी' लावायचा.

'व्हाइस सिटी'पाशी थोडे थांबले पाहिजे, कारण माझा निम्मा युक्तिवाद तिथे आहे. हा खेळ २००२ चा, त्याच रॉकस्टार कंपनीचा जिने पुढे 'रेड डेड' केला. हाही ओपन वर्ल्डच. अख्खे शहर मोकळे, कुठेही जा. आणि तो आमच्याकडे कोणाला कंटाळवाणा वाटला नाही. का? कारण आम्ही तो त्याच्या कथेने खेळलोच नाही. कॅफेच्या मॉनिटरला किंवा वहीच्या मागच्या पानावर चीट कोडची यादी असायची. 'पँझर' टाइप केले की रणगाडा हजर, 'ॲस्पिरिन' टाइप केले की जखमा बऱ्या. तासभर शहरात धुमाकूळ घालायचा आणि वीस रुपये देऊन सायकलीवर टांग मारायची. कथेतली मिशन थोडी पुढे नेणारेही होते. त्यांतले बरेच जण रिमोटच्या हेलिकॉप्टरने इमारतीत बॉम्ब ठेवण्याच्या मिशनवर अडकून कायमचे थांबले. आणि ज्यांनी ते पार केले त्यांची सेव्ह केलेली फाइल दुसऱ्या दिवशी असेलच याची खात्री नव्हती. मशिनवर कोण बसेल, काय पुसेल सांगता येत नसे. कित्येक कॅफेवाल्यांनी तर व्हायरसच्या भीतीने मशीन चालू होताना सगळे आपोआप मूळपदावर येईल अशी व्यवस्थाच करून ठेवली होती. त्यात २००५ नंतरचे भारनियमन. इन्व्हर्टर संपला की मशीन बंद, आणि अर्ध्या तासाचे भाडे द्यायचे की नाही यावर वाद.

असा मुलूख आम्हाला मिळाला होता, पण तासाच्या भाड्याने. भाड्याने घेतलेल्या तासात घोड्याला खरारा कोण करील?

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आले आणि दोन-तीन वर्षांत कॅफे ओस पडले. जे टिकले ते झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्यावर. २०१८ मध्ये 'पबजी मोबाइल' आला. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली, जुलै २०२१ मध्ये तो 'बीजीएमआय' या नावाने परतला, वर्षभराने पुन्हा गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. त्या बंदीबद्दल पुष्कळ लिहून झाले आहे. मला दुसरेच काही सांगायचे आहे: पबजी हा तसा पाहिला तर संथ खेळ आहे. एरँगल नावाचा त्याचा नकाशा आठ किलोमीटर लांब, आठ रुंद. शंभर खेळाडू उतरतात आणि सामना अर्ध्या तासापर्यंत चालतो. त्यातला बराच वेळ रिकामी घरे धुंडाळण्यात, टेकड्या चढण्यात, गवतात पालथे पडून राहण्यात जातो. प्रत्यक्ष गोळीबार काही मिनिटांचा. रील्सने धीर संपलेली मुले हे कसे सोसतात? दोन कारणे दिसतात. कुठल्याही झुडपामागून गोळी येऊ शकते, म्हणून चालण्यालाही धडधड असते. आणि कानात तिघे मित्र बोलत असतात. लोह्याचा एक, उदग्यातला एक, एक पुण्याला कंपनीत लागलेला. चालता चालता घरच्या गोष्टी निघतात. 'रेड डेड'च्या कथेत घोड्यावर आपण एकटे. त्या कथेचे सुरुवातीचे दीड-दोन तास तर बर्फाने झाकलेल्या डोंगरातच जातात; पुष्कळांनी खेळ सोडला तो तिथेच.

एकटेपणाला निवांत वेळ लागतो, आणि लातूरमध्ये तो सर्वात महाग आहे. गेल्या तीन-चार दशकांत 'लातूर पॅटर्न'ने या शहराला नाव दिले, नांदेडनेही तीच वाट धरली. त्या पॅटर्नचा गाभा म्हणजे वेळेवर लावलेला सराव: चाचणी, तपासणी, पुन्हा चाचणी. २०२५ च्या नीटमध्ये १८० प्रश्न होते आणि १८० मिनिटे. जो मुलगा दिवसभर एका प्रश्नाला एक मिनिट या मापाने मोजला जातो, त्याला जेवण आणि रात्रीच्या अभ्यासिकेच्या मध्ये मिळणारी पंचवीस मिनिटे एका सामन्याला बरोबर पुरतात. त्यात 'विचर' उघडणे म्हणजे एसटीच्या थांब्यावर कादंबरीचा दुसरा खंड काढून बसणे. मागच्या वेळी कुठे होतो हे आठवेपर्यंत गाडी येते.

आणखी एक कारण मला औसा तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याने सांगितले, आणि ते मला कुठल्याही समीक्षेत वाचायला मिळाले नव्हते. त्याच्याकडे स्वतःचा लॅपटॉप आहे, धीरही आहे. 'रेड डेड' त्याने जवळजवळ संपवला. त्यातल्या शेवटच्या भागात नायक रँचवर कामाला लागतो: गाईचे दूध काढणे, शेण ओढणे, कुंपण घालणे. "सर, दिवाळीच्या सुट्टीत सोयाबीनची रास करून आलो आन् रात्री लॅपटॉप उघडला तर हितं बी शेणच काढायलोय." त्याने खेळ तिथेच बंद केला. सिएटल किंवा लंडनच्या फ्लॅटमध्ये बसलेल्याला गोठा ही सुट्टी वाटू शकते. सुट्टीत गोठ्यात राबणाऱ्याने तसे का समजावे?

भाषेचे आणि पैशाचे तर सांगायलाच नको. 'रेड डेड'ला १५० जीबी जागा लागते, किंमत तीन हजारांच्या आसपास होती, आणि पात्रे जुन्या अमेरिकी रांगड्या इंग्रजीत बोलतात. पडद्यावरची अक्षरे हिंदीत नाहीत, मराठीत असण्याचा प्रश्नच नाही. संथ खेळातला रस संवादांत असतो. तोच निसटला की उरते ते चालणे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये काढलेला 'राजी' आपल्या पुराणकथांच्या वळणाचा आहे, पण तो काही तासांत संपणारा आहे, मोकळ्या मुलखाचा नाही. तेवढा मुलूख उभारायला शेकडो माणसे आणि कित्येक वर्षे लागतात.

एवढे सगळे मांडूनही स्वभावाचा भाग उरतोच. रिचर्ड बार्टल या ब्रिटिश संशोधकाने १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार सांगितले: काहींना जिंकून काही मिळवायचे असते, काहींना शोध घ्यायचा असतो, काहींना लोकांत मिसळायचे असते आणि काहींना दुसऱ्याला हरवायचे असते. सर्व सोयी दिल्या तरी पहिल्या आणि चौथ्या प्रकारच्या माणसाला डोंगरावरचा सूर्यास्त बघत बसवणार नाही. असे खेळाडू पॅरिसमध्येही आहेत. फरक इतकाच, की तिथल्या माणसाने संथ खेळ नाकारला तर ती निवड म्हणता येते; इथल्या कित्येकांपुढे तो निवडण्याच्या अवस्थेत कधी आलाच नाही.

अलीकडे मला एक वेगळी गोष्ट दिसू लागली आहे. वसतिगृहातली जी मुले हे खेळ खेळत नाहीत, ती ते पाहतात. यूट्यूबवर कोणीतरी अख्खा 'रेड डेड' खेळून दाखवतो, हिंदीत समजावून सांगतो, मध्येच विनोद करतो. आणि ही मुले रात्री जेवताना त्याचा एकेक भाग लावतात. आमच्याकडे चातुर्मासात 'हरिविजया'चे ३६ अध्याय असेच ऐकले जात: एक वाचणार, दुसरा अर्थ सांगणार, बाकीचे वाती वळत किंवा शेंगा निवडत बसणार. पोथी स्वतःच्या हातात घेतलीच पाहिजे असे कोणाला वाटत नसे. मी शिकवतो त्या वर्गातल्या एकाने हा खेळ आयुष्यात एकदाही चालवलेला नाही, पण आर्थर मॉर्गनला खोकला कुणामुळे लागला, टोळीत फितूर कोण आणि शेवटी डोंगरावर काय झाले, हे त्याला भागवार सांगता येते. त्याने सगळे भाग दीडपट वेगाने पाहिले आहेत.