पुसलेल्या इतिहासाचा इतिहास

मंडळी, ह्या वीकांताचा विषय हापिसातल्या एका प्रश्नावरून सुचला. शुक्रवारी चहाच्या वेळी शेजारच्या डेस्कवरच्या मित्राने हळूच विचारलं, "अगं, इन्कग्निटो लावून नोकरी शोधली तर कंपनीला कळत नाही ना?" लॅपटॉप कंपनीचा, वाय-फायही कंपनीचं. मी म्हटलं, "तुझ्या बायकोला कळणार नाही, कंपनीचं मात्र सांगता येत नाही." तो हसला खरा, पण जागेवर गेल्या गेल्या आधी टॅब बंद केला. :-)

हा प्रश्न बहुतेक सगळ्यांना कधी ना कधी पडलेला असतो. न्याहाळकातला (म्हणजे ब्राउझरमधला हो) इतिहास आपण सगळेच पुसतो. कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबायचं, "ऑल टाइम" निवडायचं, की कसं अंघोळ केल्यासारखं स्वच्छ वाटतं. पण पुसलं गेलं ते नक्की काय? आणि कुणाकडचं? हे कळायला ह्या पुसण्याचाच इतिहास बघावा लागतो.

नमनाला घडाभर तेल नको, म्हणून एकच उपमा देते. किराणा दुकानातली उधारी आठवा. एक छोटी वही आपल्या घरी, दुसरी वाण्याकडे. आपली वही फाडून बंबात घातली म्हणून वाण्याची कोरी होत नाही. इंटरनेटवर अशा निदान चार वह्या असतात. पहिली आपल्या स्वतःच्या मशीनवर. दुसरी आपण गेलो त्या संकेतस्थळाकडे. तिसरी त्या पानावर जाहिरात लावणाऱ्या तिऱ्हाइताकडे. आणि चौथी मधल्या वाटेवरच्या लोकांकडे, म्हणजे इंटरनेट पुरवठादार, हापिसचं नेटवर्क वगैरे. ह्या चार वह्या लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यांच्याबद्दलच आहे.

सुरुवात १९९४ पासून. वेब हा प्रकार मुळात अत्यंत विसराळू. तुम्ही एक पान मागवलं, मिळालं, संपलं. पुढचं पान मागवताना सर्व्हरच्या दृष्टीने तुम्ही अनोळखीच. वाचण्यापुरतं ते ठीक होतं, पण दुकान कसं चालवणार? टोपलीत साबण टाकला, तांदूळ बघायला पुढच्या पानावर गेलात, की साबण गायब. नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली नावाच्या विशीतल्या इंजिनियरने ह्यावर तोडगा काढला. सर्व्हरने एक छोटी चिठ्ठी न्याहाळकाकडे द्यायची, आणि पुढच्या वेळी न्याहाळकाने ती परत दाखवायची. हीच कुकी.

माँटुलीने एक गोष्ट मुद्दाम टाळली होती. प्रत्येक न्याहाळकाला एकच कायमचा क्रमांक देऊन टाकणं सोपं होतं, पण मग सगळी संकेतस्थळं आपापसात तो क्रमांक जुळवून तुमचा माग काढू शकली असती. म्हणून नियम असा केला, की ज्याने चिठ्ठी दिली त्यालाच ती परत दिसेल. विचार अगदी चोख! पण एक फट राहिली. एका पानावरची सगळी चित्रं एकाच सर्व्हरवरून येतात असं नाही. जाहिरातीचं चित्र जाहिरात कंपनीच्या सर्व्हरवरून येतं, आणि येताना स्वतःची चिठ्ठी ठेवून जातं. तीच कंपनी हजार संकेतस्थळांवर जाहिराती लावत असेल, तर त्या हजार ठिकाणच्या तुमच्या फेऱ्या तिला एकाच चिठ्ठीवरून जोडता येतात. डबलक्लिकसारख्या कंपन्यांचा धंदा ह्याच जोरावर उभा राहिला. तिसरी वही सुरू झाली ती इथे.

गंमत म्हणजे लोकांना ह्यातलं काही माहीतच नव्हतं. न्याहाळक चिठ्ठ्या मुकाट्याने घेत होता, विचारत नव्हता. फेब्रुवारी १९९६ मध्ये लंडनच्या फायनान्शियल टाइम्सने ह्यावर लेख छापला आणि बोंब झाली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपुढच्या सुनावण्यांतही विषय निघाला. फेब्रुवारी १९९७ मध्ये कुकीचं पहिलं अधिकृत तांत्रिक मानक आलं, आरएफसी २१०९. लेखक दोघे, डेव्हिड क्रिस्टॉल आणि स्वतः माँटुली. त्यात म्हटलं होतं की तिऱ्हाइताच्या कुकीज न्याहाळकाने घेऊच नयेत, किंवा निदान मुळात तरी त्या बंद असाव्यात.

आणि मग? मग काहीही झालं नाही! नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट दोघांनीही हा सल्ला बाजूला ठेवला. सफारीने तिऱ्हाइताच्या कुकीज पूर्ण बंद केल्या मार्च २०२० मध्ये, म्हणजे तब्बल २३ वर्षांनी. फायरफॉक्सने २०२२ मध्ये प्रत्येक संकेतस्थळाला वेगळी बरणी दिली. क्रोमने जानेवारी २०२० मध्ये "दोन वर्षांत बंद करू" असं जाहीर केलं, मग तारखा पुढे ढकलल्या, आणि जुलै २०२४ मध्ये तो बेतच सोडून दिला. क्रोम ज्या कंपनीचा आहे तिचं उत्पन्न कशावर चालतं हे लक्षात घेतलं, तर ह्यात नवल नाही.

आता जरा जांभळ्या दुव्याची गोष्ट. आपण एखाद्या दुव्यावर जाऊन आलो की त्याचा रंग बदलतो, निळ्याचा जांभळा होतो. किती निरुपद्रवी सोय! पण कुणाच्या तरी लक्षात आलं की पानावरच्या जावास्क्रिप्टला तो रंग वाचता येतो. म्हणजे मी माझ्या पानावर हजारो दुवे न दिसतील असे टाकायचे, कुठले जांभळे झाले ते बघायचं, की तुम्ही कुठे कुठे जाऊन आलात ते मला कळलं. पहिली वही, जी फक्त आपली म्हणून आपण समजत होतो, तीही बाहेरून वाचता येत होती.

हा दोष मोझिलाच्या दोषयादीत २००० च्या सुमारासच नोंदवला गेला होता. डेव्हिड बॅरन ह्या त्यांच्या इंजिनियरने त्यावरचा उपाय जाहीर केला २०१० मध्ये. आणि ही भीती पुस्तकी नव्हती. एपिक मार्केटप्लेस नावाच्या जाहिरात कंपनीने ५४,००० हून जास्त संकेतस्थळांबाबत ही युक्ती वापरली होती. फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०१२ मध्ये तिला पकडलं. कंपनीला काय शोधायचं होतं? कोण मूल होण्याच्या अडचणींबद्दल वाचतंय, कोण रजोनिवृत्तीबद्दल, कोणाला लघवीवर ताबा राहत नाही, कोण कर्जात बुडालंय, कोण दिवाळखोरीच्या वाटेवर आहे. "माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही" म्हणणाऱ्यांनी ही यादी एकदा पुन्हा वाचावी. ह्यात गुन्हा एकही नाही. माणसं सख्ख्या भावालाही सांगत नाहीत अशा गोष्टी आहेत फक्त.

दुसऱ्या वहीची ताकद जगाला कळली ती ऑगस्ट २००६ मध्ये. एओएल कंपनीच्या संशोधन विभागाने अभ्यासकांसाठी म्हणून एक फाइल खुली केली. सुमारे साडेसहा लाख लोकांनी तीन महिन्यांत केलेले जवळजवळ २ कोटी शोध. नावं काढून त्या जागी क्रमांक टाकलेले, म्हणजे सगळं "निनावी". तीन दिवसांत चूक लक्षात आली, फाइल काढली, पण तोवर तिच्या प्रती सगळीकडे पोचल्या होत्या. आणि आणखी दोनच दिवसांत न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी त्यातल्या एका क्रमांकामागची खरी व्यक्ती शोधून काढली. छोट्या गावातल्या, साठी ओलांडलेल्या एक बाई. त्यांनी आपल्या गावातल्या बागकामवाल्यांचा शोध घेतला होता, आपल्या आडनावाची माणसं शोधली होती, बोटं बधिर होण्याबद्दल विचारलं होतं, घरभर मुतणाऱ्या कुत्र्याबद्दल विचारलं होतं. शोध जोडत गेलं की पत्ता आपोआप उलगडतो.

मला ह्यात सर्वांत जास्त लागलं ते पुढचंच. त्या बाईंनी शोधलेले आजार बरेचसे त्यांचे नव्हतेच. मैत्रिणींना धीर यावा म्हणून त्या माहिती काढून देत होत्या. पण वहीत असं कुठे लिहिलेलं असतं? वहीत फक्त प्रश्न असतो, तो कुणासाठी विचारला ते नसतं. आणि अजून एक. त्या साडेसहा लाखांपैकी कुणी रोज रात्री इमानदारीने इतिहास पुसून झोपत असेल, तरी त्याचे शोध त्या फाइलमध्ये होतेच. कारण फाइल वाण्याच्या वहीतून निघाली होती.

गुप्त खिडकीचा जन्म ह्याच काळातला. सफारीत ती एप्रिल २००५ मध्ये आली, क्रोमची इन्कग्निटो २००८ मध्ये, इंटरनेट एक्सप्लोररची मार्च २००९ मध्ये आणि फायरफॉक्सची त्याच वर्षी जूनमध्ये. वाढदिवसाची सरप्राइज भेट शोधायला ही उपयोगी, असं तेव्हा सोवळं उदाहरण दिलं जायचं. (खरा उपयोग काय ते सगळ्यांना माहीत होतं, असो!) तांत्रिकदृष्ट्या ती फक्त पहिली वही लिहीत नाही, आणि मिळालेल्या चिठ्ठ्या खिडकी बंद करताना फेकून देते. क्रोमने हे तेव्हा प्रामाणिकपणे सांगितलंही होतं. इन्कग्निटो उघडल्यावर जी सूचना दिसायची, त्यात संकेतस्थळं, इंटरनेट पुरवठादार आणि मालक कंपनी ह्यांच्यापासून सावध राहा असं होतंच, शिवाय गुप्तहेर आणि तुमच्या पाठीमागे उभी असलेली माणसं हीसुद्धा यादीत होती! पण सूचना वाचतो कोण? काळी पार्श्वभूमी, टोपी आणि गॉगल घातलेलं चित्र. आपण अदृश्य झालो असंच माणसाला वाटणार. २०१८ मध्ये अमेरिका आणि जर्मनीतल्या संशोधकांनी ४६० जणांना विचारलं. गुगलमध्ये लॉगिन करून गुप्त खिडकीत शोध घेतला तरी तो साठवला जात नाही, असं निम्म्याहून जास्त लोकांना वाटत होतं.

शेवटी प्रकरण कोर्टात गेलं. इन्कग्निटोमध्येही गुगल माहिती गोळा करतं म्हणून जून २०२० मध्ये कॅलिफोर्नियात खटला भरला गेला. डिसेंबर २०२३ मध्ये तडजोड ठरली, आणि एप्रिल २०२४ मध्ये तिच्या अटी बाहेर आल्या. अब्जावधी नोंदी नष्ट करायच्या, आणि इन्कग्निटोवरची सूचना अधिक स्पष्ट करायची. म्हणजे "पुसा" हे बटन दाबून जी वही पुसली गेली नव्हती, ती पुसायला चार वर्षं आणि वकिलांची फौज लागली.

राहिली चौथी वही. तिचं उदाहरण आपल्याकडचंच आहे. सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून बसायचं आणि उठताना इतिहास पुसायचा, ही आपल्या आधीच्या पिढीतल्या ताई-दादांची शिस्त. एप्रिल २०११ मध्ये भारत सरकारने सायबर कॅफेंसाठी नियम आणले. ओळखपत्र दाखवा, नोंदवहीत नाव लिहा. खोकड्यांच्या भिंती साडेचार फुटांहून उंच नकोत. आणि ग्राहकांनी बघितलेल्या संकेतस्थळांचा इतिहास मालकाने किमान एक वर्ष जपून ठेवायचा. म्हणजे दादा न्याहाळकातून जे पुसत होता, तेच जपून ठेवणं कॅफेवाल्याला कायद्याने बंधनकारक होतं! कॅफे आता फारसे उरले नाहीत, पण वही आहे. डिसेंबर २०२१ मध्ये परवान्यांच्या अटी बदलल्या, आणि टेलिकॉम व इंटरनेट कंपन्यांना जोडणीच्या नोंदी किमान दोन वर्षं ठेवायला सांगितलं गेलं.

गुन्ह्याच्या तपासाला अशा नोंदी लागतात हे मान्य. त्या ठेवूच नयेत असं मी म्हणत नाही. पण आपल्याबद्दल कुठल्या वहीत काय आहे हे माहीत असणं आणि "मी पुसलं की" ह्या भ्रमात राहणं, ह्यात फरक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ ला खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात आपली माहिती पुसून मागण्याचा हक्कही आहे. तेव्हा वाण्याच्या वहीबद्दल प्रश्न विचारणं हा आता आगाऊपणा राहिलेला नाही.

मग करायचं काय? मी स्वतः करते ते सांगते. पहिल्या वहीसाठी इतिहास पुसणं आणि गुप्त खिडकी पुरेशी आहे; घरात एकच लॅपटॉप असेल तर जरूर वापरा. दुसरीसाठी गुगल खात्यातल्या "माय ॲक्टिव्हिटी" मध्ये जाऊन शोध तिथे पुसायचे आणि आपोआप पुसण्याची मुदत ३ महिन्यांवर आणायची (जून २०२० पासून नव्या खात्यांना ती मुळात १८ महिने असते). तिसरीसाठी तिऱ्हाइताच्या कुकीज सेटिंगमध्ये जाऊन बंद करायच्या. चौथीवर आपला ताबा सर्वांत कमी. एचटीटीपीएसमुळे वाटेवरच्यांना पानावरचा मजकूर दिसत नाही, पण आपण कुठल्या संकेतस्थळावर गेलो हे बहुतेक वेळा कळतं. आणि मशीनच कंपनीचं असेल, तर तिने त्यावर काय बसवलंय त्यावर सगळं अवलंबून. मजकूरही दिसू शकतो.

म्हणून हापिसच्या लॅपटॉपवर नोकरी शोधू नये. आपला फोन, आपलं नेट आणि घरचा सोफा, एवढं पुरेसं आहे. मित्राला सोमवारी हेच सांगणार आहे. तुमच्याही शेजारी असा कुणी असेल, तर त्याच्यापर्यंत पोचवा.