नव्या नळजोडाचा हिशेब : प्रस्तावना

अमेरिकेतल्या एखाद्या मध्यम शहरात घर बांधायला काढले, की बांधकाम परवान्याच्या कागदांबरोबर पाण्याच्या आणि मैलापाण्याच्या जोडणीचे बिलही हातात पडते. रस्त्यातल्या मुख्य वाहिनीपासून घरापर्यंत नळी आणण्याची मजुरी आणि मीटरची किंमत त्यात असतेच, पण ती रक्कम त्या मानाने किरकोळ. खरा आकडा त्याखालच्या ओळीत असतो आणि तो पुष्कळदा हजारो डॉलरांत जातो. कॅलिफोर्नियात त्याला कपॅसिटी चार्ज म्हणतात, ओरेगनमध्ये सिस्टिम डेव्हलपमेंट चार्ज, कोलोरॅडोत नुसते टॅप फी. हे पैसे नळीचे नव्हेत. धरण, शुद्धीकरण केंद्र, जलकुंभ, मोठ्या व्यासाच्या वाहिन्या, मैलापाण्याचे केंद्र या सगळ्यांत या एका घरासाठी जो वाटा धरला आहे, त्याचे हे पैसे. तो वाटा कसा काढतात, त्याचा हा अभ्यास.

अभियंत्याला हा विषय आपला वाटतो, हिशेबनिसाला आपला, वकिलाला तर नक्कीच आपला. म्हणूनच तो कोणाच्याच अभ्यासक्रमात धड बसत नाही. नव्या वाचकाने त्याला बिचकू नये. लागणारे गणित शाळेतल्या भागाकाराच्या पुढे जात नाही. कायदा मोजक्या निकालांत मावतो. आणि पाण्यासारखा विषय असूनही तो कागदावर इतका कोरडा का दिसतो, याचे उत्तर असे, की त्यातले भांडण फार नीट झाकून ठेवलेले असते. वरवर पाहता भांडण खर्चाच्या आकड्यावर चालते. माझ्या मते ते मुख्यतः त्या आकड्याला कशाने भागायचे यावर असते. पुढची प्रकरणे याच समजुतीने लावली आहेत.

आधी थोडा इतिहास. 1972च्या संघीय जलप्रदूषण कायद्याने मैलापाणी केंद्रांच्या खर्चाचा 75 टक्के भाग वॉशिंग्टनहून मिळू लागला. वरून पैसा येत होता तोवर नव्या घराकडून काय घ्यायचे, हा प्रश्न कोणी फारसा ताणला नाही. 1981च्या दुरुस्तीने तो वाटा 55 टक्क्यांवर आणायचे ठरले आणि 1987 नंतर अनुदानांची जागा हळूहळू राज्यांच्या फिरत्या कर्जनिधीने घेतली. त्याच सुमारास, 1978 साली, कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन 13 मंजूर करून मालमत्ता कर मूल्यांकनाच्या एक टक्क्यावर बांधला आणि मूल्यांकनातली वार्षिक वाढ दोन टक्क्यांवर. नगरपालिकांचे दोन्ही हात असे बांधले गेल्यावर त्यांची नजर जो अजून राहायलाच आलेला नाही त्याच्याकडे वळली, यात नवल नाही. त्याला मत नसते.

मत नसलेल्या माणसाकडून पैसे घ्यायला मर्यादा कोणती, हे न्यायालयांना सांगावे लागले. या क्षेत्रात शिरायचे तर पहिला थांबा फ्लोरिडातले डनीडन. मेक्सिकोच्या आखातावरच्या या लहान शहराने नव्या जोडण्यांवर पाणी आणि मैलापाण्याचे शुल्क लावले. बांधकाम व्यावसायिकांची संघटना न्यायालयात गेली : हे शुल्क नव्हे, शुल्काच्या नावाखालचा कर आहे. 1976 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जे सांगितले, ते दोन्ही पक्षांना अर्धेच रुचले असेल. वाढीमुळे यंत्रणा वाढवावी लागणार असेल, तर त्या वाढीव खर्चाचा प्रमाणशीर वाटा नव्या जोडणीकडून घ्यायला हरकत नाही. पण ते पैसे त्याच कामाला लागतील असे बंधन ठरावात लिहिलेले हवे. डनीडनच्या ठरावात ते नव्हते, म्हणून ठराव पडला. तत्त्व मात्र टिकले, आणि वाढीवर शुल्क लावणाऱ्या शहरांसाठी हा निकाल पायाभूत ठरला.

पाच वर्षांनी युटाच्या सर्वोच्च न्यायालयाने बॅनबेरी खटल्यात याहून अवघड प्रश्न हाताळला. साउथ जॉर्डन शहराने भूखंड पाडणाऱ्या कंपनीकडून शुल्क मागितले होते. न्यायालयाचे म्हणणे असे, की नुसता नव्या वाढीचा खर्च मोजून भागत नाही. ती मोकळी जमीन इतकी वर्षे कर भरत होती, त्यातून जुन्या यंत्रणेला तिने आधीच काही दिले का, हे पाहा. पुढे ती घरे पाणीपट्टीतून जुन्या कर्जाचे हप्ते फेडणार आहेत, तेही वजा करा. वेगवेगळ्या काळी दिलेल्या डॉलरांची किंमत सारखी नसते, हे ध्यानात घ्या. निकालात असे सात मुद्दे दिले आहेत. मी विद्यार्थ्याला सूत्रे पाठ करण्याआधी हे सात मुद्दे वाचायला सांगेन. सूत्रे नंतर आपोआप कळतात.

सूत्रे मुळात दोन. पहिली पद्धत बाय-इनची, म्हणजे आधी उभ्या असलेल्या यंत्रणेत वाटा विकत घेण्याची. चालू भिशीत मध्येच शिरणाऱ्याने मागचे हप्ते भरावेत, तसा हा प्रकार. फरक इतकाच, की भिशीतले पैसे झिजत नाहीत, वाहिनी झिजते. म्हणून 1960 साली टाकलेल्या वाहिनीची किंमत कोणती धरायची, यावर पहिली चकमक झडते. तेव्हाची मूळ किंमत धरली तर नवा माणूस स्वस्तात सुटतो. आज तीच वाहिनी टाकायला किती लागेल हे काढून त्यातून घसारा वजा केला, तर आकडा पुष्कळ चढतो. सल्लागार बहुधा दुसरा मार्ग घेतात आणि त्यासाठी एंजिनीअरिंग न्यूज-रेकॉर्डचा बांधकाम खर्च निर्देशांक वापरतात, ज्यात 1913 साल 100 धरलेले आहे. जुन्या रहिवाशांनी इतकी वर्षे आपला पैसा गुंतवून ठेवला, असे त्याचे समर्थन. युक्तिवाद चुकीचा नाही. पण जे केंद्र संघीय अनुदानावर उभे राहिले, त्यात जुन्या रहिवाशांनी गुंतवले किती, हे विचारल्याखेरीज तो मान्य करू नये.

दुसरी पद्धत वाढीव खर्चाची. जुन्या यंत्रणेत जागाच उरली नसेल, तर नवे केंद्र बांधायला जे लागेल ते नव्यांनी द्यावे. जिथे थोडी जागा उरली आहे आणि थोडे बांधायचे आहे, तिथे दोन्ही मिसळतात. अमेरिकन वॉटर वर्क्स असोसिएशनची एम-1 ही दरनिश्चितीची पुस्तिका या तिन्ही वाटा सांगते. ओरेगनने तर 1989च्या कायद्यातच परतफेडीचे शुल्क आणि सुधारणेचे शुल्क असे दोन भाग वेगळे करून ठेवले आहेत.

आता छेदाकडे. समजा, एका शहराने सहा कोटी डॉलर खर्चून रोज तीन कोटी लिटरचे केंद्र बांधले. एका घराला रोज 1,000 लिटर लागतात असे धरले, तर त्या केंद्रात 30,000 घरे मावतात आणि दर घरामागे 2,000 डॉलर पडतात. पण घराचा वापर 750 लिटरच आहे असे कोणी दाखवून दिले, तर 40,000 घरे मावतात आणि शुल्क 1,500वर येते. उलट, अभियंता म्हणाला की केंद्र सरासरीसाठी नव्हे, उन्हाळ्यातल्या सर्वांत तहानलेल्या दिवसासाठी बांधावे लागते आणि त्या दिवशी वापर दुप्पट असतो, तर 1,000 लिटरच्या घरासाठी 2,000 लिटर राखावे लागतात. घरे उरतात 15,000 आणि शुल्क होते 4,000. केंद्र तेच, खर्च तोच. आकडे कल्पित आहेत, पण असा ताण खऱ्या अहवालांत दिसतो, आणि तो बहुतेक वेळा परिशिष्टातल्या एका तक्त्यात असतो. जाहीर सुनावणीला आलेले लोक सहा कोटींवर तासभर भांडतात. त्या तक्त्याचे पान कोणी उलटतही नाही.

हा छेद स्थिरही राहत नाही. 1992च्या संघीय ऊर्जा कायद्याने 1994 पासून घरगुती संडासाच्या टाकीला दर वेळी 1.6 गॅलन, म्हणजे सुमारे सहा लिटरची मर्यादा घातली. त्याआधीच्या टाक्या त्याच्या दुपटीहून जास्त पाणी ओतत. धुलाई यंत्रे सुधारली, काही शहरांनी हिरवळी काढायला पैसे दिले. सिएटलमध्ये लोकसंख्या वाढूनही एकूण पाण्याचा वापर 1980च्या दशकापेक्षा कमी झाला. तरीही जुन्याच वापरावर बेतलेले शुल्क एखादे शहर घेत असेल, तर नवे, काटकसरी घर जुन्या, उधळ्या घराच्या मापाने पैसे भरते. उलट बाजूही खरी आहे. वापर घटला म्हणून बांधलेल्या केंद्राचे कर्ज घटत नाही.

घर मोजायचे कशाने, हा त्याचाच धाकटा भाऊ. सोपा उपाय म्हणजे मीटरचा आकार. सर्वांत लहान, पाच-अष्टमांश इंची मीटरमधून मिनिटाला 20 गॅलन सुरक्षितपणे जातात, एक इंचीतून 50, दोन इंचीतून 160. म्हणून एक इंचीला अडीचपट शुल्क आणि दोन इंचीला आठपट. दिसायला निर्विवाद. पण 1 जानेवारी 2011 पासून कॅलिफोर्नियाने नव्या घरांना आगीविरुद्ध छतातले फवारे सक्तीचे केले. फवाऱ्यांना दाब आणि प्रवाह पुरावा म्हणून अनेक घरांना एक इंची मीटर घ्यावे लागले. रोजचा वापर होता तेवढाच, शुल्क मात्र मीटरच्या तक्त्याप्रमाणे अडीचपट. काही पाणीपुरवठा संस्थांनी मग फवाऱ्यांची गरज बाजूला ठेवून घरगुती वापराला लागेल त्याच मीटरचे शुल्क घ्यायला सुरुवात केली. डेन्व्हरने वेगळी वाट धरली. तिथे स्वतंत्र घराच्या शुल्कात भूखंडाचे क्षेत्रफळही धरतात, कारण कोरड्या हवेत बागेलाच पाणी जास्त लागते.

अशा मापांचा परिणाम घरांच्या आकारावर होतो, आणि अर्थशास्त्राच्या वाचकाला इथे सर्वाधिक काम आहे. शुल्क दर घरामागे सरसकट असेल, तर बिल्डरला चार खोल्यांच्या बंगल्यावर ते जाणवत नाही आणि एका खोलीच्या घरावर असह्य होते. पोर्टलंडने 2010 मध्ये परसातल्या लहान जोडघरांना हे शुल्क माफ केले आणि तशा घरांचे परवाने झपाट्याने वाढले. कॅलिफोर्नियाने 2019च्या कायद्याने 750 चौरस फुटांहून लहान जोडघरांना विकास शुल्कातून सूट दिली. त्याच राज्यात माफीची दुसरी बाजूही दिसते. 1996च्या प्रपोझिशन 218मुळे तिथे पाणीपट्टी सेवेच्या खर्चापेक्षा जास्त लावता येत नाही. म्हणजे गरिबांच्या घरांना जोडणी शुल्क माफ करून ती तूट इतरांच्या पाणीपट्टीत सरकवता येत नाही. ती शहराच्या सर्वसाधारण निधीतून भरावी लागते. माफी देताना टाळ्या मिळतात, अंदाजपत्रकात तिची ओळ शोधावी लागते.

कायद्याची बाजू इथे थोडक्यात उरकतो, कारण तिला स्वतंत्र प्रकरण आहे. कॅलिफोर्नियाच्या शासकीय संहितेतले कलम 66013 सांगते, की असे शुल्क सेवेच्या वाजवी अंदाजी खर्चापेक्षा जास्त असता कामा नये. जास्त हवे तर दोन-तृतीयांश मतांनी मंजूर करून घ्या. 2004च्या शास्ता निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की नवी जोडणी मागणाऱ्याकडून घेतलेले क्षमता शुल्क प्रपोझिशन 218च्या मालमत्तेवरील आकारणीत मोडत नाही, कारण ते कोणी मागितल्यावरच लागू होते. 2024 साली शीट्झ विरुद्ध एल डोराडो काउंटी खटल्यात संघीय सर्वोच्च न्यायालयाने विधिमंडळी ठरावाने लावलेली विकास शुल्केही घटनात्मक कसोटीतून सुटत नाहीत असे म्हटले. तो खटला रस्त्यांच्या शुल्काचा होता. पाण्यापर्यंत त्याची धग किती पोचते, यावर वकिलांची काही वर्षे मजेत जातील.

एका धोक्याकडे मात्र दुर्लक्ष करू नये. अमेरिकेत 2005 साली सुमारे 20 लाख 70 हजार घरांची बांधकामे सुरू झाली. 2009 साली साडेपाच लाखांच्या आसपास. जिथे शहरांनी येणाऱ्या जोडण्यांच्या भरवशावर आधीच केंद्रे बांधून ठेवली होती, तिथे घरे आली नाहीत, कर्जाचे हप्ते मात्र येत राहिले, आणि ते जुन्याच ग्राहकांच्या पाणीपट्टीतून फेडावे लागले. वाढ आपला खर्च आपण उचलते, हे वाक्य वाढ चालू असेपर्यंतच खरे असते.

आपल्याकडचा वाचक विचारेल, यात आमचे काय? महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात विकास शुल्काचे स्वतंत्र प्रकरण 1992 पासून आहे. तिथे शुल्क काढतात ते रेडी रेकनरमधल्या जमिनीच्या दराच्या टक्केवारीत. म्हणजे छेदाचा प्रश्नच नाही. जलकुंभ भरलेला असो की रिकामा, जमीन महाग तर शुल्क जास्त. विजेची गोष्ट निराळी. 2003च्या विद्युत कायद्याचे कलम 46 पुरवठ्यासाठी झालेला वाजवी खर्च नव्या ग्राहकाकडून घेण्याची मुभा देते, आणि ती कुठवर ताणायची हे वीज नियामक आयोग ठरवतो. 2006 साली महाराष्ट्राच्या आयोगाने महावितरणला सरसकट सर्व्हिस लाइन आकार घ्यायला मनाई केली. सामाईक जाळ्याचा खर्च सगळ्यांच्या वीजदरातून वसूल व्हावा, ही त्यामागची भूमिका. डनीडनच्या नेमके उलटे उत्तर, आणि तेही तितकेच तर्कशुद्ध. पुण्याच्या कडेला नव्या सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर जे खर्च करतात, तेही एका अर्थी जोडणीचेच शुल्क आहे. फक्त ते कोणत्याही ठरावात नाही आणि त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

सुरुवात कुठून करावी? एखाद्या शहराचा शुल्क-अभ्यास मिळवावा आणि तो शेवटाकडून वाचावा. आधी परिशिष्टातला वापराचा तक्ता, मग मालमत्तांची यादी, त्यातली अनुदानातून झालेली कामे वगळली आहेत का ते, मग कर्जाची वजावट, आणि सगळ्यात शेवटी प्रास्ताविक. कॅलिफोर्नियातले शहर निवडले तर आणखी एक कागद मिळतो : कलम 66013 प्रमाणे हे पैसे वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून 180 दिवसांत किती आले, कोणत्या कामावर किती गेले, हे जाहीर करावे लागते. पाच वर्षांचे असे हिशेब शेजारी शेजारी ठेवले, की अहवालात जी कामे दाखवून शुल्क लावले त्यांपैकी कोणती झाली आणि कोणती राहिली, हे पेन्सिलीने खूण करत जाता येते.