शाखानिवड आणि मुख्य विषयाचा पेच : पार्श्वभूमी, नियम आणि उपलब्ध पर्याय

बारावीचा निकाल लागल्यानंतर साधारण दोन महिन्यांच्या अवधीत पुढील तीन-चार वर्षे कोणत्या विषयाचा अभ्यास करायचा, याचा निर्णय विद्यार्थ्याला घ्यावा लागतो. महाराष्ट्रात या निर्णयाचा मोठा भाग दोन वर्षे आधीच, म्हणजे दहावीनंतर घेतला गेलेला असतो. सोळाव्या वर्षी निवडलेली शाखा अठराव्या वर्षी पटेनाशी होणे, हा प्रकार नवा नाही आणि दुर्मीळही नाही. नवीन आहे ती या प्रश्नाभोवतीची नियमांची चौकट. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ती बरीच बदलली असून अनेक पालकांच्या मनात मात्र अद्याप जुनीच चौकट आहे.

तीन दरवाजे

शिक्षणाचा १०+२+३ हा आकृतिबंध कोठारी आयोगाने (१९६४-६६) सुचविला आणि १९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने तो स्वीकारला. महाराष्ट्रात १९७० च्या दशकात तो प्रत्यक्षात आला. त्यापूर्वी शालान्त परीक्षा अकरावीला होत असे व शाखेचा विचार महाविद्यालयात पाऊल ठेवल्यानंतर सुरू होई. नव्या रचनेत कनिष्ठ महाविद्यालयाची दोन वर्षे आली आणि कला, वाणिज्य व विज्ञान हे तीन दरवाजे विद्यार्थ्यासमोर एक वर्ष आधी उभे राहिले.

हे दरवाजे सारख्या मापाचे नाहीत. विज्ञान शाखेतून बारावी झालेला विद्यार्थी पुढे इतिहास, मराठी, अर्थशास्त्र किंवा विधी शाखेकडे वळू शकतो. कला शाखेतून बारावी झालेल्यास विज्ञानाच्या पदवीकडे किंवा अभियांत्रिकीकडे जाता येत नाही. ‘आधी सायन्स घे, मग पुढचे पुढे बघू’ हा घरोघरी दिला जाणारा सल्ला या एकेरी वाटेतून जन्मला आहे. सल्ला तर्काला धरून आहे. पण त्यामुळे विज्ञान शाखेत असे कितीतरी विद्यार्थी बसलेले असतात, ज्यांना विज्ञान नको आहे, केवळ निर्णय पुढे ढकलायचा आहे.

विज्ञान शाखेतही निर्णय पुढे ढकलण्याची सोय आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र हे चारही विषय घेतल्यास अभियांत्रिकी व वैद्यकीय हे दोन्ही मार्ग खुले राहतात. त्याची किंमत अभ्यासाच्या ओझ्यात मोजावी लागते. याउलट संगणकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्ससारखा दोनशे गुणांचा द्विलक्षी, म्हणजे बोलीभाषेतील ‘बायफोकल’ विषय घेणारे विद्यार्थी अकरावीतच एक बाजू निश्चित करून टाकतात.

राज्यात १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी देण्यात आली. जागा वाढल्या आणि निवडीचा प्रश्नही बदलला. त्याआधी अभियांत्रिकीला प्रवेश मिळणे हाच प्रश्न होता. त्यानंतर शुल्क परवडेल का आणि कोणती शाखा घ्यावी, हे प्रश्न मध्यमवर्गीय घरांत शिरले. पुढे लातूरचे नाव गुणवत्ता यादीशी जोडले गेले व ‘लातूर पॅटर्न’ हा शब्दप्रयोग रूढ झाला.

कल चाचणीचा प्रयोग

विद्यार्थ्याचा कल शास्त्रीय पद्धतीने जाणून घ्यावा, या हेतूने राज्य मंडळाने २०१६ मध्ये दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कल चाचणी सुरू केली. कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांपैकी विद्यार्थ्याची रुची कोठे आहे, हे तीतून सांगितले जाई. चाचणी काही वर्षे घेण्यात आली. रुची आणि क्षमता या दोन भिन्न गोष्टी असून रुचीचे उत्तर विद्यार्थी स्वतःच देत असतो, ही तिची मर्यादा होती. ललित कलेकडे कल असल्याचा अहवाल हाती आल्यावर जवळपास तसे महाविद्यालय आहे का, याचे उत्तर अर्थातच कोणतीही चाचणी देऊ शकत नव्हती.

विषय नाकारला जातो तेव्हा

निवडीच्या पेचाची चर्चा करताना ज्यांना निवडच मिळाली नाही, त्यांची आठवण ठेवणे आवश्यक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना शाळेत संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलाला संस्कृत शिकविण्यास नकार मिळाला आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. मुंबई विद्यापीठाची पदवी त्यांनी १९१२ मध्ये मिळविली. पुढील वर्षी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्तीच्या करारात नेमून दिलेल्या विषयांचा अभ्यास करण्याची आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याची अट होती.

कोलंबियात मात्र विषयांचे दार उघडे होते, आणि त्यांनी त्याचा पुरेपूर लाभ घेतला. तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. शिवाय प्राथमिक फ्रेंच व जर्मनचा प्रत्येकी एक. मुख्य विषय एक ठेवून भोवती इतर विद्या गुंफण्याची जी रचना आज नव्या धोरणात ‘बहुविद्याशाखीय’ या जड शब्दाने ओळखली जाते, तिचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण. शाळेत नाकारलेले संस्कृतही त्यांनी सोडले नाही. १९२१ मध्ये लंडन येथे शिकत असतानाच त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठात प्रवेशासाठी प्रयत्न केले होते आणि संस्कृतचा अभ्यास हा त्यामागील एक हेतू होता.

विषय बदलणारे

इरावती कर्वे यांनी १९२६ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञानाची पदवी घेतली. त्यानंतर त्या मुंबईत गो. स. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्राकडे वळल्या, १९२८ मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली आणि बर्लिनला जाऊन मानववंशशास्त्रात १९३० मध्ये डॉक्टरेट मिळविली. मानवी कवटीच्या असममितीवरील हे संशोधन होते. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांना अभिप्रेत असलेला वांशिक श्रेष्ठतेचा निष्कर्ष त्यांच्या मोजमापांतून निघाला नाही आणि त्यांनी तो काढलाही नाही. चार वर्षांत तीन विषय, असा हा प्रवास आहे. आजच्या एखाद्या घरात याला ‘धरसोड’ म्हटले गेले असते.

पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचा दाखला या संदर्भात नेहमी दिला जातो. डॉ. श्रीराम लागू, डॉ. जब्बार पटेल आणि डॉ. मोहन आगाशे हे तिघेही तेथील विद्यार्थी. लागू यांनी कान-नाक-घसा शल्यविशारद म्हणून व्यवसाय केला आणि १९६९ च्या सुमारास पूर्ण वेळ अभिनय पत्करला, तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडलेली होती. पटेल बालरोगतज्ज्ञ, तर आगाशे मनोविकारतज्ज्ञ. मात्र या उदाहरणांतून ‘आधी डॉक्टर व्हावे, मग मनासारखे करावे’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. हाताशी व्यवसाय असल्यामुळे त्यांना रंगभूमीची जोखीम पेलता आली, एवढेच त्यातून म्हणता येते. अमोल पालेकर यांनी मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकलेचे शिक्षण घेतले होते. तीही एक वाट होतीच.

चंडीगड : एक निवड आणि एक अडचण

विषयाच्या निवडीवर ठाम राहण्याचे देशभर परिचित असलेले उदाहरण चंडीगडचे आहे. हरियाणातील कर्नालच्या कल्पना चावला यांनी तेथील पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये वैमानिक अभियांत्रिकी ही शाखा मागितली. त्या शाखेत नोकऱ्यांची संधी कमी असल्याने दुसरी शाखा घ्यावी, असे त्यांना सुचविण्यात आले होते. त्यांनी ऐकले नाही. १९८२ मध्ये पदवी घेऊन त्या अमेरिकेत गेल्या. १९८४ मध्ये टेक्सास विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी आणि १९८८ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळविली. १९९७ मध्ये त्यांनी पहिले अंतराळ उड्डाण केले. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यानाच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. सल्ला देणाऱ्यांचे म्हणणे त्या काळातील भारतापुरते चूक नव्हते, हेही नमूद केले पाहिजे.

पंजाब, हिमाचल प्रदेश व जम्मू-काश्मीरमधून येणाऱ्या विद्यार्थ्यांची चंडीगडशी पहिली ओळख बहुधा सेक्टर ४३ मधील आंतरराज्य बसस्थानकावर होते. लगतच्या सेक्टर ४२ मध्ये मुलींचे आणि सेक्टर ४६ मध्ये आणखी एक शासकीय पदव्युत्तर महाविद्यालय आहे. शिकवणी वर्गांसाठी सेक्टर ३४ प्रसिद्ध आहे. बीकॉम, बीबीए, बीसीए यांसारख्या मागणी असलेल्या अभ्यासक्रमांचे प्रवेश येथे केंद्रीय पद्धतीने होतात.

केंद्र सरकारच्या किंवा सैन्यदलाच्या नोकरीनिमित्त अशा शहरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे विषयाच्या प्रश्नाला अधिवासाचा प्रश्न जोडला जातो. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी प्रवेशासाठी उमेदवारांचे प्रकार ठरलेले आहेत. दहावी-बारावी राज्याबाहेर झालेली असली तरी विद्यार्थी किंवा त्याचे आई-वडील महाराष्ट्राचे अधिवासी असल्यास ‘ब’ प्रकारातून राज्याचा उमेदवार म्हणून अर्ज करता येतो. ‘इ’ हा प्रकार महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभागातून परीक्षा उत्तीर्ण झालेल्या, मराठी मातृभाषा असणाऱ्यांसाठी आहे. वैद्यकीय प्रवेशाचे नियम अधिक कडक आहेत. तेथे राज्य कोट्यासाठी काही अपवाद वगळता दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी लागतात. त्यामुळे बदलीवर असलेल्या कुटुंबातील मुलीला वैद्यकीय शाखा हवी असेल, तर तो विचार बारावीला नव्हे, नववीतच करावा लागतो.

नव्या धोरणात काय बदलले

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २९ जुलै २०२० रोजी मंजूर झाले. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत ते २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू करण्यात आले. पदवी तीन वर्षांची (किमान १२० श्रेयांक) किंवा चार वर्षांची (१६० श्रेयांक) असू शकते. साधारण निम्मे श्रेयांक मुख्य विषयात, म्हणजे मेजरमध्ये मिळवावे लागतात. उरलेल्यांत गौण विषय, भाषा, कौशल्य आणि अन्य शाखेतील ऐच्छिक विषय येतात. काही विद्यापीठांच्या रचनेत पहिल्या वर्षी तीन विषय शिकून दुसऱ्या वर्षी त्यांतील एक मुख्य विषय म्हणून निश्चित केला जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या वर्षाअखेर त्याच व्यापक विद्याशाखेत मुख्य विषय बदलण्याची मुभा आहे.

ही मुभा कागदावर जितकी प्रशस्त दिसते तितकी व्यवहारात नसते. जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूर असलेल्या महाविद्यालयात तत्त्वज्ञान, संख्याशास्त्र किंवा मानसशास्त्राचा अध्यापकच नसेल, तर त्या विषयांचे पर्याय केवळ नियमावलीत उरतात. प्रवेशापूर्वी महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेवर विसंबून न राहता त्या विषयाचे तिसऱ्या वर्षाचे वर्ग प्रत्यक्षात भरतात का, हे तेथील विद्यार्थ्यांना विचारणे अधिक उपयुक्त.

पहिल्या वर्षानंतर शिक्षण थांबवावे लागल्यास ४० श्रेयांक आणि चार श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा आंतरवासिता पूर्ण करणाऱ्यास प्रमाणपत्र, तर दोन वर्षांनंतर त्याच धर्तीवर पदविका मिळते. अभियांत्रिकीत शाखाबदल पहिल्या वर्षाच्या गुणांवर आणि रिकाम्या जागांवर अवलंबून असतो. केंद्रीय प्रवेश फेरीत पसंतीक्रम भरताना आणखी एक नियम लक्षात ठेवावा लागतो. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली, की ती आपोआप ‘फ्रीझ’ होते व पुढील फेरीत ‘बेटरमेंट’चा मार्ग राहत नाही. शेजारच्याने लिहिले म्हणून पहिल्या क्रमांकावर लिहिलेली शाखा त्यामुळे खरोखरच पदरात पडू शकते.

ताण आणि मदत

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात १३,०८९ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत सर्वाधिक, म्हणजे १,८३४ महाराष्ट्रातील होते. यामागील कारणे अनेक असतात आणि शाखानिवडीशी त्यांचा थेट संबंध जोडता येणार नाही. तथापि निकाल व प्रवेशाच्या दिवसांत मूल जेवेनासे, बोलेनासे झाले असेल, तर त्याच्याशी विषयांच्या यादीबद्दल बोलण्याआधी त्याच्याबद्दल बोलावे, असे समुपदेशक सांगतात. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य, मराठीतही बोलता येते.

प्रवेश रद्द करावयाचा झाल्यास

विषय चुकला असे लवकर लक्षात आले, तर आर्थिक नुकसान मर्यादित ठेवता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या जाहीर केलेल्या अंतिम तारखेच्या १५ दिवस वा त्याहून आधी प्रवेश रद्द केल्यास प्रक्रिया शुल्क वजा जाता पूर्ण शुल्क परत मिळते. त्यानंतर, परंतु अंतिम तारखेपूर्वी रद्द केल्यास ९० टक्के, अंतिम तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के आणि १६ ते ३० दिवसांत ५० टक्के रक्कम परत मिळते. तीस दिवसांनंतर काहीही मिळत नाही. विद्यार्थ्याची मूळ गुणपत्रिका वा शाळा सोडल्याचा दाखला संस्थेला अडवून ठेवता येत नाही. पडताळणी होताच ही कागदपत्रे परत करणे बंधनकारक आहे.