पहिले गिऱ्हाईक



धंद्यास भांडवल लागते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु भांडवलाइतकीच गिऱ्हाइकाच्या विश्वासाचीही गरज असते, हे इतिहासाकडे पाहिल्यावाचून नीटसे ध्यानी येत नाही.

कोल्हापूर संस्थानात गंगाराम कांबळे हे सरकारी पागेत चाकरीस होते. अस्पृश्य असून पाण्याच्या हौदास शिवले, एवढ्यावरून त्यांस बेदम मारहाण झाली. छत्रपती शाहू महाराजांनी अपराध्यांस शासन तर केलेच. शिवाय गंगारामांस चाकरी सोडून स्वतंत्र धंदा काढण्यास सांगितले. त्याप्रमाणे भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ हॉटेल उघडले. परंतु अस्पृश्याच्या हातचा चहा म्हणून सवर्ण गिऱ्हाईक पायरी चढेना. तेव्हा महाराज आपला खडखडा दारात उभा करून चारचौघांदेखत तेथील चहा घेऊ लागले व बरोबरच्या मंडळींसही पाजू लागले. पुढे सोडावॉटरचे यंत्रही त्यांनी दिले.

असा पाठीराखा सर्वांच्याच नशिबी नव्हता. 1917 साली विलायतेहून परतल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत शेअरविषयक सल्ला देण्याचा व्यवसाय आरंभिला. परंतु त्यांची जात कळताच गिऱ्हाइके फिरली व तो बंद पडला. एवढी विद्या असूनही ती तेथे उपयोगी पडली नाही.

पुढे काळ पालटला. 1969 साली 14 मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. 2015 साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत तारणावाचून कर्ज देण्याची सोय झाली. तथापि कर्जाचा हप्ता अखेर गल्ल्यातूनच फेडावा लागतो, आणि गल्ला भरणे कोणत्याही बँकेच्या हाती नाही.

येथे आमचाच एक अपराध कबूल करणे प्राप्त आहे. आमच्या एका गरीब विद्यार्थ्याने कर्ज काढून लोखंडी दारे-खिडक्या करण्याचे दुकान घातले. उद्घाटनास आम्ही नारळ वाढविला, चार शब्दही बोललो. पुढे आमचे घर बांधावयास निघाले, तेव्हा मात्र ‘मुलगा नवखा आहे’ असे म्हणून काम जुन्या व्यापाऱ्यास दिले. इतरांनीही तेच केले. दोन वर्षांत दुकान मोडले. आज तो दुसऱ्याच्या दुकानात वेल्डिंग करतो. भेटला की अजूनही वाकून नमस्कार करतो, आणि आम्हांस मान वर करवत नाही.

मंडळाने शिष्यवृत्त्या अवश्य द्याव्यात. परंतु मंडप, छपाई, फर्निचर यांची कामे नवख्या होतकरू तरुणांस, मग ते कोणत्याही ज्ञातीचे असोत, प्रथम द्यावीत, ही आमची नम्र विनंती. आशीर्वाद आम्हीही दिला होता. चुकले ते काम देण्यात.