वॉकिंग बेस : ज्याच्याकडे कोणी बघत नाही, त्याची गोष्ट

हेडफोन असतील तर आत्ताच लावा. आजचा भाग फोनच्या स्पीकरवर ऐकण्यात काही अर्थ नाही. डबल बेसची सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते, आणि फोनचा तो नखाएवढा स्पीकर दोनशेच्या खाली फारसं काही देतच नाही. म्हणजे लोकलमध्ये उभं राहून स्पीकरवर जॅझ लावलं, की ट्रंपेट ऐकू येतो, पियानो ऐकू येतो, झांजा ऐकू येतात, आणि ज्याच्या जिवावर हे सगळं उभं आहे तो माणूस गायब.

आजची गोष्ट त्या माणसाची. बॅकएंडवाल्यांना ती लवकर कळेल. सगळं नीट चालू असलं की तुमचं नाव कोणी घेत नाही.

वॉकिंग बेस म्हणजे काय? एका बारमध्ये चार मात्रा, प्रत्येक मात्रेवर एक सूर. बस. टक-टक-टक-टक, माणूस चालावा तसा. पण चालायचं कुठे हे बेसवाला जागच्या जागी ठरवतो. आपल्या भाषेत सांगतो. सा म्हणजे पियानोवरचा सी धरा. जॅझमध्ये हजारो वेळा येणारी कॉर्डची एक साखळी आहे : आधी रे वर उभी असलेली कॉर्ड, मग प ची, मग घरी, सा वर. त्यावर एक साधी चाल अशी : रे म ध कोमल-ध, प नि रे कोमल-रे, सा.

(तुकडा वाजतो)

ऐकलंत? चौथी मात्रा बघा. कोमल धैवत त्या कॉर्डचा नाहीच. तो आहे पंचमाच्या अगदी अर्ध्या सुरावर, दारात पाय ठेवल्यासारखा. शुद्ध आणि कोमल धैवत असे पाठोपाठ ऐकून आपल्याकडचे पेटीवाले काका भुवया उंचावतील, पण जॅझमध्ये हाच ओढा गाण्याला पुढे नेतो. पहिल्या मात्रेवर ‘आपण इथे आहोत’ आणि चौथ्यावर ‘आता तिकडे जातोय’. तबल्याचा ठेका ताल सांगतो. इथे एकच माणूस ताल आणि सुरांचा नकाशा दोन्ही सांगतो, तेही गाणं थांबेपर्यंत.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बऱ्याच बँडमध्ये खालचा आवाज ट्यूबा द्यायचा, म्हणजे ते अंगाभोवती गुंडाळलेलं पितळी वाद्य. ट्यूबा फुंकून वाजवायचा, मध्ये श्वास घ्यावा लागतो, त्यामुळे सूर बहुतेक वेळा पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर. डबल बेस होता, न्यू ऑर्लिन्सचे लोक तार खेचून सोडत, फळीवर आपटून वाजवत. वेलमन ब्रॉड, पॉप्स फॉस्टर ही नावं त्या काळातली. पण भोंग्यात ओरडून होणाऱ्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये बेस नीट पकडलाच जायचा नाही. १९२५ नंतर मायक्रोफोनवर रेकॉर्डिंग सुरू झालं आणि हा आवाज तबकडीवर उमटायला लागला. तंत्रज्ञान बदललं म्हणून कला बदलली, असं मी सहसा म्हणत नाही, पण इथे थोडं म्हणायला हरकत नाही.

आता वॉल्टर पेज. जन्म १९००, मिसूरी राज्यातला. कॅन्सस सिटीच्या लिंकन हायस्कूलमध्ये शिकला. धिप्पाड माणूस. ट्यूबा वाजवायचा, बॅरिटोन सॅक्सोफोन वाजवायचा, बेसही. ओक्लाहोमात त्याने ब्लू डेव्हिल्स नावाचा बँड चालवला, त्यात पुढे प्रसिद्ध झालेला काउंट बेसी होता, गायक जिमी रशिंग होता. कॅन्सस सिटीच्या बेनी मोटनने यातला एकेक माणूस आपल्याकडे ओढला, शेवटी पेज स्वतःही तिकडेच गेला. (टीम लीडच शेवटी समोरच्या कंपनीत गेल्यासारखं.) डिसेंबर १९३२ मध्ये या बँडने न्यू जर्सीतल्या कॅम्डेनला रेकॉर्ड केलेलं ‘मोटन स्विंग’ ऐका. चारही मात्रा सारख्या, गुळगुळीत, एकही पाऊल अडखळत नाही.

१९३५ मध्ये मोटन टॉन्सिलच्या ऑपरेशनमध्ये गेला. बेसीने कॅन्सस सिटीच्या रेनो क्लबमध्ये नवा बँड उभा केला, पेज त्यात आला. पुढे बेसी पियानोवर, फ्रेडी ग्रीन गिटारवर, जो जोन्स ड्रमवर आणि पेज बेसवर अशी चौकडी जमली. माझ्या मते यातली खरी कमाल अशी, की पेज चारही मात्रा सांभाळतोय म्हटल्यावर बाकीचे मोकळे झाले. जोन्सने पायाच्या मोठ्या ड्रमची धडधड कमी करून ताल झांजांवर नेला. बेसीने पियानोवरचा डावा हात जवळजवळ रिकामा ठेवला, मध्येच दोन सूर टाकायचा आणि गप्प बसायचा. त्या गप्प बसण्याबद्दल बेसीचं आजही कौतुक होतं. ते शक्य कोणामुळे झालं, हे फार थोडे लोक सांगतात.

पेजने जमीन तयार केली आणि जिमी ब्लँटन तिच्यावर धावायला लागला. १९३९ मध्ये ड्यूक एलिंग्टनला हा मुलगा सेंट लुइसमध्ये सापडला, वय २१. एलिंग्टनकडे आधीच बिली टेलर नावाचा बेसवाला होता. काही काळ दोघं शेजारी शेजारी वाजवत होते. मग टेलरने काम सोडलं. या पोराच्या बाजूला उभं राहून लाज वाटून घ्यायची नाही, असा त्याचा सूर होता, असं एलिंग्टनच सांगायचा. १९४० चं ‘जॅक द बेअर’ लावा. बेस एकदम पुढे येऊन बोलतो, आणि बोलून झालं की परत मागे जाऊन चालायला लागतो. ब्लँटनला क्षयाने गाठलं. कॅलिफोर्नियातल्या एका सॅनटोरियममध्ये तो जुलै १९४२ मध्ये गेला. २३ वर्षं. एलिंग्टनबरोबर जेमतेम दोन वर्षं मिळाली, आणि त्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक बेसवाल्याच्या बोलण्यात त्याचं नाव येतं.

रे ब्राउन त्यातलाच, पिट्सबर्गचा. ऑस्कर पीटरसनच्या त्रिकुटात तो १९५१ पासून १५ वर्षं होता, आणि पहिली काही वर्षं त्या त्रिकुटात ड्रमच नव्हते. पियानो, गिटार, बेस. पीटरसन सुसाट सुटलाय, ताल धरायला ड्रमवाला नाही. ब्राउनचं प्रत्येक पाऊल किती जाड आणि गोल आहे ते मग लक्षात येतं.

आता पॉल चेंबर्स. माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’वरचं ‘सो व्हॉट’ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. सुरुवातीची धून बेसवरच आहे. पण त्यानंतर चेंबर्स जे करतो ते मला जास्त अवघड वाटतं. एरवी कॉर्ड बदलत राहते, बेसवाल्याला ‘पुढचं घर’ असतं. इथे सोळा बार एकच स्वरसप्तक. म्हणजे ६४ पावलं, आणि पोचायचं कुठेच नाही! तरी तो कंटाळवाणा होत नाही. कधी वर चढतो, कधी एकाच सुरावर रेंगाळतो, आणि अर्धा सूर वर सरकायची वेळ आली की बरोबर दारात उभा असतो. हे रेकॉर्ड झालं २ मार्च १९५९ ला. चेंबर्स २३ वर्षांचा होता. अल्बमचं दुसरं सत्र २२ एप्रिलला झालं, त्या दिवशी त्याचा चोविसावा वाढदिवस. दोनच आठवड्यांनी तो कोल्ट्रेनच्या ‘जायंट स्टेप्स’वर वाजवत होता, जिथे कॉर्ड श्वास घ्यायलाही थांबत नाहीत. दारू, हेरॉइन आणि शेवटी पुन्हा क्षय. जानेवारी १९६९ मध्ये, ३३ व्या वर्षी तो गेला.

डेव्हिसकडे त्याच्या जागी रॉन कार्टर आला होता. कार्टरही चेंबर्ससारखाच डेट्रॉइटच्या कॅस टेक शाळेतला. तो मुळात चेलो वाजवायचा. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत रीतसर शिकलेला. पण सिम्फनी ऑर्केस्ट्रात काळ्या वादकाला तेव्हा जागा मिळत नसे, आणि हे आपल्याला तोंडावर सांगितलं गेलं, असं त्याने मुलाखतींत सांगितलंय. ऑर्केस्ट्राने दार लावलं आणि जॅझला तो मिळाला. याला मी ‘बरं झालं’ म्हणणार नाही. कोणाचं तरी स्वप्न बंद दारावर आपटलं होतं.

२०१५ मध्ये गिनेसने त्याच्या नावावर २,२२१ रेकॉर्डिंग मोजली. जॅझ बेसवाल्यांमध्ये सर्वाधिक. त्यातलं एक तुम्हाला हिपहॉप आवडत असेल तर आधीपासून माहीत असेल : १९९१, अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट, ‘व्हर्सेस फ्रॉम द ॲब्स्ट्रॅक्ट’. सॅम्पल नाही, खुद्द कार्टर स्टुडिओत उभा राहून वाजवतोय. अल्बमचं नाव ‘द लो एंड थिअरी’. हेडफोन काढायच्या आधी तेवढं एक लावा. पुढच्या भागात भेटू.